तांबट ब्राँझचा, गळा काचेचा: एकत्र ओतू नका, नंतर बसवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे डोंबिवलीचे, दरवर्षी शाडूचे गणपती करतात म्हणजे हात तयार आहे, आणि काचेच्या कांड्या फ्लेमवर वितळवायचं एक वर्कशॉप केलंय. त्यांना पाच इंचाचा तांबट पक्षी करायचाय, अंग ब्राँझचं आणि गळ्याचा पिवळा नि छातीचा लाल भाग काचेचा. ब्राँझ ओततात ते असं: मेणाचा पक्षी करायचा, त्याभोवती साचा, मग मेण जाळून काढायचं आणि त्या पोकळीत धातू. विचारतायत की काच त्या मेणातच बसवून वरून ब्राँझ ओतलं तर टिकेल का, भट्टी कितीवर ठेवायची, नाहीच टिकली तर ग्लू कुठला, आणि हे सगळं घरी जमेल का.

मी धातूचं काम करते, कुर्ल्याला छोटा गाळा आहे, काच त्यात अधूनमधून येते. सांगते ते माझ्या कामावरून, मोठ्या पुतळ्यांची फाउंड्री चालवणारा कदाचित वेगळं सांगेल.

आधी टेम्परेचर आणि ग्लू दोन्ही बाजूला ठेवा, कारण खरी भानगड तिथे नाहीये. भानगड ही की गरम होऊन थंड होताना ब्राँझ आणि काच सारखी आकसत नाहीत. ब्राँझ दर डिग्रीला आपल्या लांबीच्या दहा लाखातले साधारण 18 भाग आकसतं, खिडकीची-बाटलीची साधी काच साधारण 9, म्हणजे निम्मंच. काच 500 डिग्रीच्या वर असताना थोडी नरम असते, ओढाताण पचवते, पण 500 च्या खाली ती कडक झाली की तिथून रूम टेम्परेचरला येईपर्यंत 40 मिलिमीटरच्या तुकड्यात दोघांमधला फरक 0.18 मिलिमीटर पडतो. ऐकायला काहीच नाही. पण काचेला वाकता येत नाही, त्यामुळे तेवढ्यानेच ती तडकते, कधी भट्टीतच, कधी चार दिवसांनी कपाटात ठेवलेली असताना रात्री टक्क आवाज करून.

तुम्ही वर्कशॉपमध्ये बहुतेक बोरोसिलिकेट वापरली असणार, लॅबच्या काचेची. तिच्याबद्दल सगळ्यांचा समज असतो की ती गरमीला टिकते म्हणून धातूबरोबर तीच घ्यावी. ती टिकते कारण ती फार कमी हलते, दहा लाखात 3.3. म्हणजे ब्राँझच्या 18 समोर तिचा मेळ आणखीच बसत नाही. एकटी असेल तेव्हा भारी, ब्राँझला चिकटवून गरम केली तर साध्या काचेपेक्षा वाईट.

आणि मेणात बसवलेल्या काचेची कथा तर ओतायच्या आधीच संपते. मेण जाळायला साचा 650-700 डिग्रीपर्यंत न्यावा लागतो आणि तिथे काही तास ठेवावा लागतो, साधी काच 700 च्या पुढे मऊ पडून बसायला लागते. त्यात वरून 1100 ते 1200 डिग्रीचं ब्राँझ येणार. भट्टीचा कुठलाही आकडा हे वाचवू शकत नाही, म्हणून तो प्रश्न मी रद्दच करते.

यावर दोन आक्षेप येणारच, ते आधीच घेते. एक, झवेरी बाजारात आणि सीप्झला, म्हणजे अंधेरीच्या एक्स्पोर्ट झोनमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांत, खडे मेणात बसवून थेट त्यावर सोनं ओततात, मग आपलं का नाही? ते खरंय, रोज होतं. पण ते हिरे किंवा क्युबिक झिरकोनिया, म्हणजे अमेरिकन डायमंड, असतात, त्यांना ती उष्णता चालते आणि खडा असतो दोन-तीन मिलिमीटरचा. काचेचा मोठा तुकडा तिथे कोणी घेणार नाही, विचारून बघा. दोन, मीनाकारीत काच धातूवरच वितळवतात की. हो, पण तिथे काचेचा थर कागदासारखा पातळ असतो, मीन्याची काच मुद्दाम जास्त आकसणारी बनवलेली असते, आणि धातू तिच्यापेक्षा थोडा जास्त आकसला की तो थर दाबला जातो, ताणला जात नाही. दाब काचेला चालतो, ताण चालत नाही. शिवाय मीना शुद्ध तांब्यावर छान बसतो, कथील-जस्त असलेल्या ओतीव ब्राँझवर मात्र बुडबुडे येतात आणि थर सुटतो. तुम्हाला रंग धातूवर वितळलेलाच हवा असेल तर मग ब्राँझ सोडा, तांब्याच्या पत्र्यावर मीना करा, ते वेगळं आणि सुंदर काम आहे. तुम्हाला जाड काच हवीय, आतून उजेड खेळणारी, असं मी धरून चालते.

तर माझं म्हणणं एवढंच की दोघांना एकत्र गरम करायचंच नाही. ब्राँझ आधी पूर्ण करायचं, अगदी फिनिशिंगपर्यंत, मग काच त्याच्या मापाने करायची, आणि थंड असताना कोंदणात बसवायची, थोडी फट ठेवून. सोनार खड्याला जे करतो तेच. ब्राँझ आणि काचेची जी शिल्पं फोटोत एकजीव दिसतात ना, त्यातली बहुतेक अशीच नंतर जोडलेली असतात, फक्त जोड लपवलेला असतो.

हे एकदा मान्य केलं की पक्ष्याचं डिझाइन बदलतं आणि मला वाटतं चांगल्यासाठी बदलतं. तांबट खरा साडेसहा इंचांपर्यंत असतो, तुमचा पाच म्हणजे जरासा लहान, ठीक आहे. मान आखूड, डोकं मोठं, चोच जाड, शेपूट बारकी, म्हणजे ओतायला एकदम सोयीचा पक्षी. शिंजीर, तो बारीक लांब चोचीचा, घेतला असतात तर मी नको म्हटलं असतं, त्या चोचीत धातू पोचण्याआधीच थिजतो. गोची फक्त पायांची. पाय बारीक, आणि त्यावर सगळं वजन. म्हणून त्याला मोकळ्या फांदीवर उभा करू नका, वाळक्या खोडाच्या तुकड्याला बिलगलेला दाखवा, तो तसाही शेवग्याबिवग्याच्या वाळक्या फांदीत भोक पाडून घरटं करतोच, पोट खोडाला टेकलं की वजन तिथून जातं आणि पाय नुसते दिसायला उरतात. बोटं दोन पुढे दोन मागे करा, आपल्याकडे पक्षी बघणारे लोक खूप झालेत, तीन पुढे एक मागे केलंत की पहिली कमेंट तीच येईल. चोचीच्या बुडाशी राठ केस असतात त्यांच्या नादी लागू नका.

खोडाला टेकवताना फक्त एक बघायचं की छाती झाकली जाता कामा नये, नाहीतर काच कशाला घालायची. पोटाचा खालचा भाग टेकवा आणि छाती किंचित बाहेर काढून मान वर. टुक टुक करताना तो तसाच बसतो. लाल-पिवळ्याच्या खाली पोटावर हिरवट रेघा असतात, त्या काचेत करायचा मोह होईल, तो मी टाळेन. त्या मेणातच सुरीने ओढा आणि ओतल्यावर कानशीने थोड्या उठवा. काच गळा आणि छाती एवढीच राहिली की लोकांची नजर तिथेच जाते, पोटभर काच केलीत तर तो पेपरवेट दिसायला लागतो.

आता मेणाचं, इथे जरा वेळ घेते कारण काम इथेच ठरतं.

तुमचा हात शाडूचा आहे तर मूळ पक्षी शाडूत किंवा प्लॅस्टिसिनमध्ये करा, त्यावर सिलिकॉनचा साचा घ्या, आणि त्या साच्यात गरम मेण ओतून फिरवून उरलेलं परत काढा म्हणजे आतून पोकळ मेण मिळेल, तीनेक मिलिमीटर जाडीचं. दोनदा-तीनदा फिरवावं लागतं. चोच आणि शेपूट तसंही भरीव होतं, होऊ द्या. छोटा आहे तर भरीवच ओतू असं कास्टिंगवाला म्हणेल, त्याला ते सोपं पडतं. पण चार सेंटिमीटर जाडीचा गोळा थंड होताना बाहेरून आधी थिजतो आणि आतला धातू नंतर आकसतो, मग पाठीवर खड्डा पडतो किंवा आत भोकं राहतात, आणि तुमच्या केसमध्ये तर काचेच्या मागे जागाच उरणार नाही. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 साली सापडलेले प्राचीन ब्राँझचे हत्ती-गेंडे भरीव ओतलेले आहेत हे मलाही माहितीय, त्या लोकांना काच बसवायची नव्हती.

पोकळ ओतायचं म्हणजे आत गाभा आला. गाभा म्हणजे मेणाच्या पोकळीत भरलेलं साच्याचंच मटेरियल, आणि डोकेदुखी ही की मेण जळून गेल्यावर तो गाभा हवेत लटकतो, त्याला धरून ठेवायला बारीक पिना टोचाव्या लागतात, नंतर त्या पिनांची भोकं बुजवावी लागतात. इथे तुमची काच कामाला येते. छातीला जिथे काच बसणार तिथे मेणातच आरपार खिडकी कापा, गळा नि छाती मिळून एकच, साधारण 30 बाय 25 मिलिमीटरची, आणि पोटाखाली जिथे खोड लागणार तिथे दुसरं भोक. या दोन खिडक्यांमधून आतला गाभा बाहेरच्या साच्याला आपोआप जोडला जातो, दोन बाजूंनी धरला जातो. पिना लागल्याच तर एखाददुसरी पाठीत. ओतल्यावर गाभा याच खिडक्यांमधून खरवडून काढता येतो, नाहीतर अडकलेला गाभा पुढे पावसाळ्यात दमट होऊन आतून क्षार सोडत बसतो. म्हणजे काचेची जागा आधी ठरवा आणि ओतायचं त्यावरून ठरवा, उलट नको.

खिडकीच्या आतल्या बाजूला दीड-दोन मिलिमीटरची पायरी ठेवा, काच तिच्यावर टेकेल. गळ्याची पिवळी नि छातीची लाल काच वेगळी करणारी मधली पट्टी मेणात करू नका, ती नंतर तांब्याची लावता येते.

मेणाचं वजन करून ठेवा. ब्राँझ मेणाच्या साधारण साडेनऊ-दहा पट भरतं, म्हणजे 30 ग्रॅमचा पोकळ पक्षी झाला तर 300 ग्रॅमच्या आसपास, वर रनरचा, म्हणजे साच्यात धातू जायच्या वाटेतला, धातू वेगळा. कास्टिंगवाला वजनावर पैसे घेणार, त्यामुळे हा हिशोब आपल्याकडे असलेला बरा.

घरी जमेल का, तर मूळ, साचा, मेण, काचेची घासाई, जुळवणी हे सगळं घरी. ओतणं घरी नाही. फ्लॅटमध्ये नाही, गच्चीवर नाही, गावाला मोकळ्या अंगणात पण पहिल्यांदा एकट्याने नाही. मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, हातातून निसटली आणि धातू काँक्रीटवर सांडला तर काँक्रीटमधल्या ओलीची वाफ होऊन तुकडे उडतात, खाली कोरडी वाळू लागते, हे असले बारकावे व्हिडिओत दिसत नाहीत. दुसरं, भांड्यांचं पितळ वितळवून बघू असं मनात असेल तर त्यातलं जस्त पांढरा धूर होऊन निघतं आणि रात्री थंडी वाजून ताप येतो, कारागिरांना हा ताप चांगला माहितीय.

मग ओतायचं कोणाकडे? दोन पर्याय. झवेरी बाजाराच्या आसपासचे व्हॅक्युम कास्टिंगवाले, त्यांचं काम फार बारीक येतं, पण त्यांचा फ्लास्क, म्हणजे साच्याचं नळकांडं, लहान असतो, पाच इंची पक्षी रनरसकट बसेल का ते फ्लास्कचा व्यास विचारून आधी बघा, नाहीतर शेपूट वेगळी ओतून जोडावी लागेल. आणि सोन्या-चांदीच्या मुशीत ते ब्राँझ घालू देणार नाहीत, वेगळी मूस ठेवणारा शोधावा लागतो. दुसरा पर्याय, भिवंडी-वसईकडे किंवा जिथे ओळख निघेल तिथे पुतळे-मूर्ती करणारी छोटी फाउंड्री, तिथे साइझची अडचण नाही पण तुमचा एवढासा पक्षी त्यांच्या दृष्टीने किरकोळ काम, मोठ्या कामाच्या घाणाबरोबर घुसवून घ्यायला सांगा आणि तारीख त्यांच्यावर सोडा. घाईचं गिफ्ट असेल तर आधीच सांगते, हे त्यात बसणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तर मी साचे करतच नाही, प्लॅस्टरचा साचा पूर्ण वाळत नाही आणि ओल राहिली की धातू ओतताना वाफ बाहेर फेकते.

धातू कुठला ते स्पष्ट विचारा. नुसतं ब्राँझ म्हटलं की आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गनमेटल येतं, 85 टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी 5. ते ओतायला सोपं, कानशीला छान, पण शिश्यामुळे त्यावर सिल्व्हर सोल्डर नीट धरत नाही आणि आपल्याला कोंदणाची पट्टी जोडायचीय. मला विचाराल तर सिलिकॉन ब्राँझ, 95 टक्क्यांच्या आसपास तांबं, 4 टक्के सिलिकॉन, थोडं मँगनीज. साच्यात छान पसरतं, शिसं नाही, आणि एखादं भोक राहिलं तर टिग वेल्डिंगने त्याच धातूच्या रॉडने भरता येतं. मिळत नसेल तर साधं कथलाचं ब्राँझ, 90-10. कासं मात्र नको, ताटवाट्यांचं कासं म्हणजे 22 टक्के कथील, आवाज गोड पण ठोकलं की तडकतं.

ओतून आलं की रनर कापा, कानस, पॉलिश पेपर, जिथे पिसांच्या रेघा बुजल्या तिथे छिन्नी. यात सांगण्यासारखं फार नाही, हाताला कळतं. साचा फोडताना तो ओला करून फोडा आणि मास्क लावा, त्यात सिलिका असते आणि ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. साधा कापडी मास्क नाही, एन-95 तरी.

आता काच, आणि इथे तांबट तुम्हाला त्रास देणार आहे. निळी-हिरवी काच सरळ असते, लाल आणि पिवळी नाही. चांगली लाल काच बहुतेक सेलेनियम-कॅडमियमवर रंगवलेली असते, पिवळी कॅडमियमवर, आणि या काचा परत गरम केल्या की रंग बदलतात. थोडं जास्त झालं की तो शेंदरी लाल यकृतासारखा तपकिरी होतो. आणि त्यातलं सेलेनियम-गंधक गरम असताना तांब्याच्या संपर्कात आलं तर कडेला काळी रेघ उमटते. म्हणजे एकत्र गरम न करण्याचं हे आणखी एक कारण, तुमच्या रंगांसाठी खास.

त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर काच वितळवलीच नसती. लाल काचेचा जाड तुकडा घ्यायचा, आठ-दहा मिलिमीटरचा, आणि थंडच घासून आकाराला आणायचा. भारतात फ्यूजिंगची, म्हणजे भट्टीत वितळवून जोडायची, रंगीत काच बहुतेक इम्पोर्टेड आणि महाग, पण आपल्याला लागणार दोन बोटांएवढी. चोर बाजारात मटण स्ट्रीटला जुन्या दिव्यांच्या, सिग्नलच्या फुटक्या लाल-पिवळ्या काचा बघा, त्या जाड असतात. घेताना तुकडा आडवा धरून कड बघायची. कडेत आरपार लाल दिसला तर घ्या. पुष्कळशा लाल काचा म्हणजे साध्या पांढऱ्या काचेवर लालचा पातळ थर असतो, तुम्ही छातीचा उंचवटा घासायला घेतलात की पाच मिनिटांत लाल संपला आणि खाली पांढरी. बांगड्या वितळवू का असं कोणी विचारतंच, तर एकाच डझनातल्या बांगड्या एकमेकींशी बहुतेक जुळतात, पण लाल बांगडी आणि पिवळी बांगडी जुळेलच असं नाही, आणि रंगाचं वरचं रडगाणं तिथेही आहेच.

घासायला डायमंडचं छोटं चाक, पाणी सतत चालू, किंवा मशीनच नसेल तर जाड काचेच्या पाटावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आधी 120 नंबरची, मग 220, 400, 600, आणि शेवटी सेरियम ऑक्साइडने पॉलिश. वेळ लागतो पण टीव्ही बघत होतं. कोरडं घासू नका, काच गरम होऊन कडेला टवके जातात आणि पूड नाकात. घासून झाल्यावर सगळ्या कडा किंचित मोडून घ्या, धारदार कड राहिली की कोंदण दाबताना तिथूनच कपची निघते.

फ्लेमवर किंवा भट्टीत वितळवूनच करायची हौस असेल तर ॲनिलिंग, म्हणजे काच हळूहळू थंड करणं, सोडू नका. दहा-बारा मिलिमीटर जाड तुकडा त्या काचेच्या ॲनिलिंग पॉइंटला दोनेक तास धरायचा, फ्यूजिंगच्या काचेला हा आकडा 480-515 च्या मधे कुठेतरी असतो, कंपनी देते तो घ्या, आणि तिथून पहिले शंभरेक डिग्री तासाला 50 च्या वेगाने खाली. फ्लेममधून काढून राखेत पुरलेला मणी चालतो, एवढा तुकडा नाही.

माप कधी घ्यायचं? मेणावरून कधीच नाही. ब्राँझ थिजून थंड होईपर्यंत दीड टक्क्याच्या आसपास आकसतं, मेण त्याआधी स्वतः थोडं आकसलेलं असतं, म्हणजे 30 ची खिडकी साडेएकोणतीस किंवा त्याहून कमी होऊन येते आणि कास्टिंग कधी थोडं वाकूनही येतं. ओतून, साफ करून झालं की खिडकीत डेंटिस्टवाली पुट्टी किंवा नुसतं मऊ मेण दाबून ठसा घ्या आणि काच त्यावर घासत न्या. चहूबाजूंनी 0.3 ते 0.5 मिलिमीटर फट. घट्ट बसली की छान वाटतं, पण ती फटच काचेला वाचवते. उन्हात खिडकीशी ठेवलात आणि 40 डिग्रीचा फरक पडला तरी एवढ्याशा तुकड्यात हालचाल मिलिमीटरच्या शंभराव्या-दोनशेव्या भागाची, मऊ सीलंट ते आरामात पचवतो. घट्ट ठोकून बसवलेल्या काचेला मात्र धक्का लागला की ब्राँझकडून तो थेट मिळतो.

तर क्रम असा होतो: ओतणं, साफसफाई, काच कोरडी लावून बघणं, तांब्याची कोंदणपट्टी जोडणं, काच बाहेर, मग पॅटिना (केमिकलने धातूवर आणायचा रंग), मग मेणपॉलिश, आणि सगळ्यात शेवटी काच. पॅटिना काचेच्या आधी यासाठी की तो टॉर्चने गरम करून लावायचा असतो.

कोंदणपट्टीला 0.3-0.4 चा तांब्याचा पत्रा, लाल करून पाण्यात टाकला की नरम होतो. ती खिडकीच्या कडेला सिल्व्हर सोल्डरने जोडायची, वर दीड मिलिमीटर उभी ठेवायची. जमत नसेल तर हे एवढं काम दागिन्यांचे खडे बसवणाऱ्या कारागिराकडे न्या, त्याला हे दहा मिनिटांचं आहे. ओतीव ब्राँझचीच कड दाबून काच धरू नका, ती ताठ असते, जोर लावला की काच आधी जाते. फ्लक्सला, म्हणजे सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात त्याला, टाकणखार चालतो, पण सिलिकॉन ब्राँझवर घट्ट ऑक्साइड येतं, त्यामुळे आधी कानशीने चकाकी येईपर्यंत साफ करा.

पॅटिनाला तांबटाची पाठ हिरवी म्हणून क्युप्रिक नायट्रेट, त्याआधी पोटॅशियम सल्फाइडचा हलका तपकिरी हात, म्हणजे हिरवा उथळ दिसत नाही. ही केमिकल्स प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतात. लॅमिंग्टन रोडला सर्किट बोर्डांसाठी फेरिक क्लोराइड मिळतं आणि व्हिडिओत ते सर्रास वापरतात, मी मुंबईत ते टाळते, मीठ आणि नवसागर असलेल्या रेसिप्या पण. ब्राँझमध्ये क्लोराइड अडकलं आणि हवा दमट असली की काही महिन्यांनी फिकट हिरवी भुकटी यायला लागते, ती पुसली तरी परत येते. आपल्याकडे समुद्राची हवा ते काम तसंही करतच असते, आपण मदत कशाला करायची. नायट्रेटनंतरही भरपूर धुवा, वाळवा, अंग कोमट असतानाच मेण चोळा.

आता काचेच्या मागे काय? पक्ष्याचं पोट आतून काळं, त्यामुळे लाल काच बसवली की ती लाल दिसतच नाही, काळपट डाळिंबी दिसते. हे बहुतेकांच्या शेवटी लक्षात येतं. कुंदनमध्ये खड्याच्या मागे चांदीचा चकचकीत पातळ पत्रा ठेवतात, तेच करा, पिवळ्याला हवं तर सोनेरी. पॅटिना पूर्ण धुऊन-वाळून झाल्यावरच ठेवा, सल्फाइडचा वास जरी राहिला असेल तरी चांदी काळी पडते. दुसरा उपाय म्हणजे खोडात मागून भोक ठेवून उजेड येऊ द्यायचा, पण तो शोकेसमध्ये जमत नाही.

आणि ग्लू, जो तुम्ही विचारला होता. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन, पायरीवर पातळ रेघ, बस. ट्यूबवर न्यूट्रल लिहिलेलं बघून घ्या, कारण काचवाल्यांकडचं नेहमीचं सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास मारतं, ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि ब्राँझ-तांबं हिरवं करतं. सुपरग्लू ठिसूळ आणि दमट हवेत सुटतो. इपॉक्सी धरते जोरात, पण कडक, उन्हात पिवळी पडते आणि काचेवरची पकड ओलीत हळूहळू सोडते. तसंही काच धरायचं काम कोंदणाचं आहे, सिलिकॉन फक्त गादी. एक दिवस सुकू द्या, मग पट्टी गुळगुळीत स्टीलच्या टोकाने समोरासमोरच्या बाजूंनी थोडी थोडी आत वळवा, एका बाजूने सुरू करून गोल गोल जाऊ नका, काच सरकते. नंतर साफ करताना अमोनियावाला ग्लास क्लीनर फवारू नका, तो पॅटिना खातो आणि तांब्यावर निळे ओघळ येतात, कोरडं मऊ कापड पुरे.

मेण तयार झालं की रनर लावायच्या आधी खिडकीच्या बाजूचा आणि पोटाखालचा, असे दोन फोटो टाका. पायरी पुरेशी आहे का ते बघून सांगते, मेणात असताना ती बदलायला दोन मिनिटं लागतात.